घोट्याचा अस्थिभंग आणि शुश्रूषेची सावड : कुटुंब, मित्र व सहकारी यांच्या साहाय्याचे स्वरूप

सारांश :
घोट्याचे हाड मोडणे ही वैद्यकीयदृष्ट्या सर्वसामान्य दुखापत मानली जाते; परंतु ती व्यक्तीला किमान दीड ते दोन महिने इतरांवर अवलंबून राहण्यास भाग पाडते. या काळातील शुश्रूषा रुग्णालयात नव्हे, तर घरात घडते. प्रस्तुत लेखात घोट्याच्या अस्थिभंगाचे स्वरूप, त्यावरील प्राचीन व आधुनिक उपचारांची तत्त्वे आणि कुटुंबीय, शेजारी, मित्र व सहकारी यांच्याकडून मिळणाऱ्या साहाय्याचे प्रकार यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी लेखिकेच्या स्वानुभवाचा आधार घेतला असून हे साहाय्य समाजात समप्रमाणात वाटले गेलेले नाही, याकडे लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : घोटा, अस्थिभंग, शुश्रूषा, सामाजिक आधार, सावड, विनामूल्य श्रम.

१. प्रस्तावना

वऱ्हाडातील शेतकऱ्यांना 'सावड' हा शब्द नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. एकाने दुसऱ्याच्या शेतात राबावे आणि त्याची पाळी आली की दुसऱ्याने पहिल्याच्या शेतात राबावे. त्यात पैशाचा व्यवहार नाही, परंतु हिशेब मात्र असतो. ट्रॅक्टर आले, मजुरी रोखीने दिली जाऊ लागली, तशी शेतातील सावड मागे पडत गेली. मात्र आजारपणात ती अजून टिकून आहे. घरातील एखादी व्यक्ती अंथरुणाला खिळली की कोण कोणाच्या मदतीस धावते, कोणाला मदत मागता येते आणि कोणाला ती मागताच येत नाही, हे पाहिले असता गावाची अदृश्य रचना दृश्यमान होते.

प्रस्तुत लेखिका मोर्शी येथे वास्तव्यास असून समाजशास्त्राचे अध्यापन करते. जुलै महिन्यातील एका पावसाळी सकाळी अंगणातील शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर पाय घसरला आणि उजव्या घोट्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवता आला नाही आणि पूर्ववत चालण्यास पाच महिने लागले. वर्गात 'सामाजिक आधार' ही संकल्पना आठ वर्षे शिकवूनही तिचा अर्थ या काळातच खऱ्या अर्थाने उमगला. सदर अनुभव व्यक्तिगत असला तरी त्यातून निर्माण होणारे प्रश्न व्यक्तिगत नाहीत, या भूमिकेतून हे लेखन केले आहे.

२. घोट्याची रचना व अस्थिभंगाचे स्वरूप

आपण ज्याला घोटा म्हणतो तो तीन हाडांचा सांधा आहे. नडगीचे जाड हाड व त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड या दोहोंची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते आणि पावलाचे सर्वांत वरचे हाड त्या खोबणीत बसते. पायाच्या आतील व बाहेरील बाजूस हाताला लागणारी दोन उंचवट्यासारखी टोके म्हणजे या खोबणीच्या दोन भिंती होत. ही हाडे अस्थिबंधांनी एकमेकांस बांधलेली असतात. चालताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार या लहानशा सांध्यावर येतो. त्यामुळे भिंत थोडी जरी सरकली तरी भार विषम पडतो आणि पुढे सांध्याची झीज होण्याचा धोका असतो. घोट्याच्या बाबतीत हाड केवळ जुळणे पुरेसे नसून ते अचूक जागी जुळणे आवश्यक का असते, याचे कारण येथे आहे.

पाय मुरगळला की हाड मोडले, हे केवळ सुजेवरून ओळखता येत नाही. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये यासाठी काही सोपे निकष मांडले गेले. घोट्याभोवती वेदना असून आतील वा बाहेरील टोकावर अथवा त्याच्या मागील कडेवर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबल्यास दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा, असे हे निकष सांगतात. बाहेरील हाड कोणत्या पातळीवर मोडले यावरून वेबर यांच्या वर्गीकरणात अ, ब व क असे तीन प्रकार केले जातात : सांध्याच्या पातळीखाली, पातळीवर आणि पातळीच्या वर. सामान्यतः पहिल्या प्रकारात शस्त्रक्रियेविना भागते, तर तिसऱ्यात बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. मधल्या प्रकारात सांधा स्थिर आहे की नाही यावर निर्णय अवलंबून असतो.

लेखिकेचा अस्थिभंग या मधल्या प्रकारातील होता आणि हाड सरकलेले होते. पडल्यानंतर अंगणात जमलेल्या मंडळींपैकी दोघांनी हाड बसवणाऱ्याकडे नेण्याचा सल्ला दिला. एकाने मालीश सुचविले. सरकलेल्या हाडावर मालीश करणे घातक ठरू शकते, हे त्यांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. खरे तर लेखिकेच्याही आले नाही. शेजारच्या घरातील बारावीच्या विद्यार्थ्याने पाय हलू न देता दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून ओढणीने बांधला. त्याने ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पाहिले होते.

३. उपचारांचा इतिहास : स्थिर ठेवणे व सांभाळणे

अस्थिभंगाच्या उपचाराचे मूलतत्त्व फारसे बदललेले नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात हाड मोडण्याचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत, तर चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात त्यांचे उपचार सांगितले आहेत. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इत्यादी वृक्षांच्या साली व बांबू यांचा आधारपट्ट्यांसाठी उपयोग सांगितला आहे. बंध थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडावा. तो सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि अति घट्ट असल्यास सूज, वेदना व पू होतो, असा इशाराही तेथे आहे. पायाच्या अस्थिभंगासाठी फळीवर पाच खुंट्या ठोकून पाय हलणार नाही अशा रीतीने रुग्णास निजविण्याची 'कपाटशयन' ही पद्धत सांगितली आहे. हाड जुळण्यास बालवयात एक, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने लागतात, हे त्यातील अनुमान आजच्या वाचकासही परिचित वाटेल. फळीवर खिळलेल्या अशा रुग्णाला खाऊ घालणारे व स्वच्छ ठेवणारे कोणी तरी असल्याशिवाय ही चिकित्सा शक्यच नव्हती, हे ओघानेच आले.

युरोपातील एक प्रसंगही या दृष्टीने उद्बोधक आहे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट १७५६ मध्ये घोड्यावरून पडले व त्यांच्या पायाचे हाड मोडून बाहेर आले. घाईने उचलल्यास पाय गमवावा लागेल हे जाणून त्यांनी कोणासही हात लावू दिला नाही. रस्त्यावरच पडून राहून पालखीवाहकांना बोलावले, एक दरवाजा विकत घेतला, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावरून स्वतःस घरी नेवविले. पाय कापण्याची तयारी झालेली असताना त्यांचे गुरू एडवर्ड नोर्स आले व त्यांच्या सल्ल्याने पाय वाचला. पुढे घोट्याच्या अस्थिभंगास 'पॉट्स फ्रॅक्चर' हे नाव रूढ झाले, जरी पॉट यांची स्वतःची दुखापत घोट्याची नव्हती असे मानले जाते. त्यांचे शास्त्र मोठे होतेच. परंतु त्या दिवशी त्यांना दांडे धरणारे हात आणि वेळेवर पोहोचणारा एक मनुष्य लाभला, हेही तितकेच खरे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डच लष्करी वैद्य अँटोनियस मॅथिसन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या प्रचारात आणल्या. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या 'एओ' या शल्यचिकित्सकांच्या गटाने पट्टी व स्क्रू यांनी हाड जोडण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. या प्रगतीमुळे रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांवर आला. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, शुश्रूषेचा बहुतांश भार घरावर आला.

४. घरातील देखरेख : सुधा चंद्रन यांचे उदाहरण

घरच्यांची देखरेख म्हणजे केवळ जेवणाचे ताट पलंगाजवळ आणून देणे नव्हे. मुंबईत वाढलेल्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. १९८१ मध्ये तामिळनाडूत झालेल्या बस अपघातात त्यांच्या पायास दुखापत झाली. घोट्याजवळील एक जखम प्लास्टरखाली राहून गेली, तीत कोथ झाला आणि अखेर पाय कापावा लागला. त्यानंतर जयपूर फूटच्या साहाय्याने त्या चालण्यास व नंतर नाचण्यास शिकल्या. १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर आल्या आणि १९८६ च्या 'नाचे मयूरी' या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. या पुनरागमनात त्यांच्या आईवडिलांचा आधार मोठा होता, हे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. जिद्दीची कथा म्हणून हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. मात्र प्लास्टरच्या आत काय चालले आहे याकडे लक्ष ठेवण्याचा त्यातील धडा सहसा सांगितला जात नाही.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी पुढील बाबी जाणून घेणे अगत्याचे आहे. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवल्यास सूज कमी होते. बोटे रोज पाहावीत. ती निळसर वा पांढरी पडणे, बधिर होणे, हलविता न येणे, औषधानेही न थांबणारी वाढती वेदना, प्लास्टरमधून दुर्गंधी वा पाणी येणे, ताप येणे यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पोटरीत अचानक सूज व वेदना किंवा श्वास लागणे ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. खाज सुटली म्हणून प्लास्टरमध्ये विणकामाची सुई घालू नये. तंबाखूतील निकोटिनमुळे हाड जुळण्यास विलंब होतो; खऱ्र्याचे व्यसन असलेल्या रुग्णांच्या घरी ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

लेखिकेच्या घरी हे काम सासूबाईंनी केले. त्यांचे वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे. दररोज सकाळी व संध्याकाळी चष्मा लावून त्या पायाची पाचही बोटे एकेक करून दाबून पाहत व रंग परत येतो की नाही हे बघत. वॉकर घेऊन उठताना त्या दाराशी उभ्या राहत आणि म्हणत, "पाय टेकू नोको वो बाई, मी आहो ना अठी." ज्यांच्या गुडघ्यांसाठी आपण कधी औषधाची वेळ पाळली नाही, त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून न्हाणीपर्यंत जाताना जी अवस्था होते, तिचे वर्णन 'कृतज्ञता' या एका शब्दात होत नाही. त्यात लाज असते, अपराधभाव असतो आणि क्वचित चिडचिडही असते. मदत घेणे हे मदत करण्याइतकेच अवघड काम आहे, हे नोंदविणे आवश्यक वाटते.

५. सामाजिक आधाराचे प्रकार

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स हाऊस यांनी १९८१ मध्ये सामाजिक आधाराचे चार प्रकार सांगितले : भावनिक, साधनरूप, माहितीपर आणि मूल्यमापनपर. मोर्शीच्या एका घरातील पाच महिन्यांवर ही चौकट ठेवून पाहिली असता पुढील चित्र दिसते.

साधनरूप आधार सर्वाधिक लागला. अमरावती पन्नासेक किलोमीटरवर. टाके काढणे, प्लास्टर बदलणे, एक्स-रे यांसाठी पाच फेऱ्या झाल्या. त्यांपैकी तीन वेळा पतीच्या मित्राने स्वतःची चारचाकी आणली व पाय लांब करून बसता यावे म्हणून पुढची जागा मागे सरकवून बसविली. शेजारच्या काकूंनी कमोडची खुर्ची आणून दिली. ती त्यांच्या दिवंगत यजमानांसाठी घेतलेली होती. तिने त्यापूर्वी गल्लीतील आणखी दोन घरे पाहिली होती. अशा वस्तूंचे फिरणे हीसुद्धा एक सावडच होय.

माहितीपर आधार अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. दोन वर्षांपूर्वी हीच दुखापत झालेल्या ग्रंथालयातील सहकाऱ्यांनी कुबड्यांवर पायरी कशी चढावी हे प्रात्यक्षिकासह दाखविले : चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या व दुखरा पाय. प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक, कोरडा व ताठर दिसेल, घाबरू नये, हेही त्यांनीच सांगितले. भावनिक आधार देणारे पुष्कळ होते. मात्र भेटीस आलेल्यांसाठी चहा करण्याचे काम सासूबाईंवर पडते, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. एक मैत्रीण येताना डबा आणीत असे व जाताना ओट्यावरील भांडी घासून जात असे. मूल्यमापनपर आधार म्हणजे आपली प्रगती योग्य आहे की नाही हे कोणी तरी सांगणे. सातव्या आठवड्यात पहिल्यांदा पाऊल टेकवले तेव्हा आनंदाऐवजी भीती वाटली. त्या वेळी फिजिओथेरपिस्टने मागील आठवड्याच्या नोंदी समोर ठेवल्या व घोटा किती अंश अधिक वाकतो हे दाखविले.

६. रजा, वेतन आणि न दिसणारे श्रम

टालकॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये 'रुग्ण भूमिका' ही संकल्पना मांडली. तीनुसार रुग्णास नेहमीच्या कर्तव्यांतून सूट मिळते व आजाराबद्दल त्याला दोषी धरले जात नाही. त्या बदल्यात बरे होण्याची इच्छा बाळगणे व तज्ज्ञांशी सहकार्य करणे ही त्याची कर्तव्ये ठरतात. प्रश्न असा की, ही सूट कोणाच्या खर्चाने मिळते ?

नियमित सेवेतील अध्यापकास अर्धवेतनी रजा दरवर्षी वीस दिवस या हिशेबाने जमा होते व वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण वेतनावर घेता येते. लेखिकेस ही सवलत मिळाली. मात्र तिच्या तासिका ज्यांनी घेतल्या, त्यांत तासिका तत्त्वावर काम करणारे एक तरुण सहकारी होते. त्यांचा स्वतःचा पाय मोडला असता तर न घेतलेल्या प्रत्येक तासिकेचे मानधन बुडाले असते. एकाच विभागात, एकाच टेबलावर बसणाऱ्या दोन अध्यापकांच्या हाडांची किंमत अशी वेगवेगळी ठरते.

घरातील स्थिती याहून बोलकी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातील व्यक्तींची देखभाल करणाऱ्यांत हे प्रमाण अनुक्रमे १३४ व ७६ मिनिटे आहे. या पार्श्वभूमीवर घरातील स्त्रीचाच पाय मोडला तर ती मिनिटे कोण भरून काढतो, हा प्रश्न उरतो. लेखिकेच्या घरी पतीने पोळ्या शिकून घेतल्या, हे खरे. पण त्यांचे शेजाऱ्यांत जेवढे कौतुक झाले, त्याच्या दशांशही सासूबाईंचे झाले नाही.

आणि तिसरी व्यक्ती घरकामासाठी येणाऱ्या मावशींची. जुलै-ऑगस्ट हे निंदणाचे दिवस. शेतात रोज जास्त मिळतो. तरीही त्या सकाळी शेतावर जाण्यापूर्वी येत व संध्याकाळी पुन्हा फेरी मारीत. ही दुसरी फेरी कोणी सांगितली नव्हती. आदल्या वर्षी त्या तापाने आजारी असताना त्यांचे नऊ दिवसांचे पैसे आमच्या घरातून कापले गेले होते. ते कापताना काही वावगे वाटले नव्हते. काम नाही तर पैसे नाहीत, एवढाच तो हिशेब होता. पाय उशीवर ठेवून छताकडे पाहताना तो हिशेब पुन्हा आठवला. पुढे ते पैसे दिले. त्यांनी ते घेतले, मोजले व "कायचे होत हे ?" एवढेच विचारले. त्याचे नीट उत्तर लेखिकेस देता आले नाही.

७. परतफेडीचा प्रश्न

फ्रेंच विचारवंत मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये दानव्यवहाराचे विश्लेषण करताना देणे, घेणे व परत करणे या तीन बांधिलक्या सांगितल्या. शुश्रूषेची सावड या नियमास पूर्णतः अपवाद नाही. पण तिची परतफेड त्याच व्यक्तीस, त्याच मापाने करता येत नाही. कमोडची खुर्ची काकूंना परत जात नाही, ती पुढच्या घरी जाते. अमरावती जिल्ह्यातीलच शेंडगाव येथे जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या; मुंबईत दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. रुग्णासोबत आलेल्या माणसालाही पाठ टेकण्यास जागा लागते, ही जाणीव त्यामागे आहे. उपचाराच्या चर्चेत हा सोबतचा माणूस आपण अद्याप पुरेसा आणलेला नाही.

शासकीय पातळीवर काही तरतुदी निश्चितच झाल्या आहेत. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या २०१२ मधील पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत अमरावतीचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. परंतु या योजना रुग्णालयाच्या दारापर्यंतचा व आतील खर्च पाहतात. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत बुडणारी मजुरी व घरातील श्रम त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. संत्र्याच्या तोडणीत शिडीवरून पडलेल्या मजुराला शस्त्रक्रिया विनामूल्य मिळू शकते. पण पाय न टेकता बसून राहण्याची ऐपत मिळत नाही. तो वेळेआधी उभा राहतो आणि हाड वाकडे जुळते.

८. निष्कर्ष

(१) घोट्याच्या अस्थिभंगाचे यश शस्त्रक्रियेइतकेच त्यानंतरच्या घरगुती देखरेखीवर अवलंबून असते. धोक्याची लक्षणे रुग्णाबरोबरच शुश्रूषा करणाऱ्यासही मराठीतून लेखी दिली जावीत.

(२) साहाय्याचे प्रकार भिन्न असून सर्वांत उपयुक्त मदत ती, जी घरातील शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा भार हलका करते.

(३) महाविद्यालयांनी वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची व कमोडची खुर्ची यांचा छोटा संच ठेवून तो कर्मचारी, विद्यार्थी व परिसरातील गरजूंना वापरण्यास द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत अस्थिभंगाचे प्रथमोपचार नियमितपणे शिकविले जावेत.

(४) तासिका तत्त्वावरील अध्यापकांना आजारपणाच्या काळात किमान संरक्षण मिळावे, यासाठी प्राध्यापक संघटनांनी आग्रह धरावा. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना आजारपणाची पगारी रजा देणे हे तर प्रत्येक घराच्या हातात आहे. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हाड जुळले की प्लास्टर काढले जाते आणि कुबड्या कोपऱ्यात जातात. लेखिकेच्या कुबड्या सध्या तिच्या घरी नाहीत. पाळा मार्गावरील एका घरात त्या वापरात आहेत. तेथून त्या आणखी कोठे जातील हे सांगता येत नाही, परंतु त्या परत याव्यात अशी अपेक्षाही नाही.